कूलरमध्ये गवत भरता भरता

मॅडम, पहिले त्या खिडकीतलं काचेचं झुंबर काढा.
मे महिन्यात दुपारी इथं जी हवा सुटते
ते शोभा पाहत नाही, कातडं पाहते.
अन् समोरचं दार बोटभर उघडं ठेवजा,
नाहीतर कूलरची हवा कोंडते
अन् डब्यातले पापड मऊ पडते.
हे पहिलं.
बाकीचं गवत भरता भरता सांगतो.

तुम्ही सांगलीच्या ना?
मग भाजीबाजारात सांबार ऐकलं का दचकू नोका.
सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.
कोथिंबीर म्हणसान तरी देईन बाई,
पण जुडी जरा बारीक निघन.

बर्डीला बर्डीच म्हणा.
पूर्ण सीताबर्डी म्हटलं का ऑटोवाला
मीटर सोडून तुमचा चेहरा वाचते.
पत्ता विचारसान तर डावं-उजवं कोणी सांगणार नाही,
सगळे पानठेल्यापासून सांगतीन.
ठेला हलला तर?
हलत नाही.
वरून मेट्रो गेली, ठेला खालीच आहे.

ते वायर द्या जरा. ते नाही, लाल.

सकाळी तर्री-पोहा.
पहिल्या दिवशी "तर्री कमी" म्हणा, त्यात लाज नाही.
दुसऱ्या दिवशी नुसते उभे राहा.
तिसऱ्या दिवशी तुम्ही गाडी लावेपर्यंत प्लेट तयार असते.
फक्त पांढरं घालून जाऊ नोका.
बँकेतले एक साहेब गेले होते, बदली होऊन आले त्याच आठवड्यात.
तो डाग त्यांच्यासंग रिटायर झाला.

सावजी खायचं तर रविवारी दुपारी.
मी निनावे, हलबा कोष्टी, घरचंच आहे म्हणून सांगतो:
नाक वाहायला लागलं का पाणी पिऊ नोका,
पाण्यात तिखट पोहते.
भात घ्या. रडू आलं तर रडा,
बाजूच्या टेबलावरचा माणूसही रडूनच राहिला असते.

अन् कोणाच्या घरी वडाभाताला बोलावलं
तर आदल्या रात्री कमी जेवा.
"बस" म्हटलं का एक वाढतात,
"नको" म्हटलं का दोन.
ताटावर हात आडवा धरसान
तर बोटांच्या फटीतून हिंगाचं तेल सोडतीन.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडे गाडी नेऊ नोका.
मारबत निघते. पायी जा.
सर्दी, खोकला, घरमालकाची कटकट,
जे जे घरातून न्यायचं असन
ते मनातल्या मनात तिला सांगून द्या.
मी गेल्या साली एक सांगतली होती.
नेली नाही तिनं.
गर्दी लय होती, ऐकू नसन गेलं.

माया पोरगा, प्रणय, पुण्यात आहे.
पहिल्याच आठवड्यात भाजीवालीला त्यानं सांबार मागतलं.
तिनं त्याला मसाल्याचं पाकीट दाखवलं, किराण्याच्या दुकानात जा म्हणे.
फोनवर हसत होता सांगताना.
मग हसणं संपलं
अन् पुढचं त्याला काही सुचलं नाही.
मीही इकडे पाना धरून उभा.
त्याच्या खोलीत कूलरही नाही, म्हणते गरजच नाही पडत.
गरज नाही पडत तर येऊन कोण बसन,
कोण सांगन त्याले,
कुठं काय म्हणायचं?

घ्या, बटन दाबा.
पहिले पंप, दोन मिनिटांनं पंखा.
हा आला ओल्या खसचा वास,
खिडकी लावू नोका, येऊ द्या.

पैसे राहू द्या.
राहू द्या म्हणजे उद्या द्या.
सकाळी सातला, कोपऱ्यावर, निंबाखाली पोह्याची गाडी लागते,
मी तिथंच असतो.

अन् पांढरं घालू नोका.